रुळांची वीज रुळांना, दिव्यांची दिव्यांना

या वेळच्या टपालात बहुतेक पत्रं दिव्यांचीच आहेत. गाडी धावायला लागली, गाव उभं राहिलं, आता मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, रात्र करायची आहे, अशा टप्प्यावर बरेच जण आलेले दिसतात. म्हणून इंजिनांच्या देखभालीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो आणि ही सगळी जागा विजेला देतो.

प्रश्न: माझा एचओ मापाचा लेआउट साध्या डीसी कंट्रोलरवर चालतो. फलाटावरचे दिवे आणि स्टेशनातले एलईडी मी रुळांच्याच वायरींना जोडले. गाडी हळू केली की दिवे मंदावतात, उलटी चालवली की एलईडी विझतात आणि गाडी थांबली की स्टेशन अंधारात. कंट्रोलर बिघडलाय का?

उत्तर: कंट्रोलर ठणठणीत आहे. डीसी पद्धतीत रुळांमधलं व्होल्टेज म्हणजेच गाडीचा वेग. नॉब फिरवला की ते शून्यापासून साधारण 12 व्होल्टपर्यंत चढतं, दिशा बदलली की धन-ऋण उलटतं. बल्बला दिशेशी देणंघेणं नाही, तो फक्त कमीजास्त होतो. एलईडी मात्र एकाच दिशेनं वीज जाऊ देतो, त्यामुळे गाडी उलटी निघाली की तो विझतो. त्यातही धोका असा, की विझलेला असताना त्याच्यावर सगळा उलटा दाब पडलेला असतो, आणि बहुतेक एलईडींची उलट्या दाबाची मर्यादा 5 व्होल्टच्या आसपास दिलेली असते. आज टिकले म्हणून उद्या टिकतीलच असं नाही.

रात्रीची गाडी फलाटाला येऊन उभी राहते, तोच खरं तर दिवे बघायचा क्षण. तुमच्या जोडणीत नेमका तेव्हाच अंधार होतो. म्हणून माझं सांगणं एकच: रुळांची वीज रुळांनाच राहू द्या आणि दिव्यांना स्वतंत्र अॅडॅप्टर द्या. 12 व्होल्ट डीसी, रेग्युलेटेड, बंद खोक्यातला, सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेला तयार अॅडॅप्टर घ्या. भिंतीतल्या सॉकेटची वीज त्या खोक्याच्या आत संपली पाहिजे. लेआउटच्या फळीखाली तिचा एकही उघडा जोड असता कामा नये.

किती अँपिअरचा घ्यायचा, हे दुकानात नव्हे, घरी कागदावर ठरवा. गव्हाच्या दाण्याएवढे जे 12 व्होल्टचे बल्ब मिळतात ते प्रत्येकी 60 मिलीअँपिअरच्या आसपास घेतात. असे 40 बल्ब म्हणजे 2.4 अँपिअर. तेच 40 एलईडी प्रत्येकी 5 मिलीअँपिअरवर चालवले तर 0.2 अँपिअर. फरक बारा पटींचा. बेरीज झाली की तिच्या दीडपट क्षमतेचा अॅडॅप्टर घ्या. तो गरम होत नाही आणि पुढं चार दिवे वाढवायला जागा राहते. बल्बच वापरायचे असतील तर त्यांना 12 ऐवजी 9 व्होल्ट द्या. उजेड पिवळसर, खरा वाटणारा पडतो आणि आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. शिवाय पूर्ण व्होल्टेजवर प्रत्येक बल्ब पाऊण वॉटच्या आसपास उष्णता सोडतो. प्लास्टिकच्या बंद केबिनमध्ये छताला टेकलेला बल्ब ते छत वाकवू शकतो.

आता वायर. अॅडॅप्टरपासून प्रत्येक दिव्याला वेगळी बारीक वायर ओढू नका. फळीखालून लेआउटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची एक जाड जोडी न्या, तिला बस म्हणतात, आणि जिथं दिवा आहे तिथं तिच्यातून बारीक फांदी काढा. जाडीनं खरंच फरक पडतो का, ते हिशेबानंच बघा. 0.2 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण 0.084 ओहम असतो. 5 मीटर लांबचा दिवा म्हणजे जाऊन-येऊन 10 मीटर, म्हणजे 0.84 ओहम. त्यातून 2 अँपिअर गेले की 1.7 व्होल्ट वायरीतच खर्च. दूरचं गाव मंद दिसतं ते यामुळे. 1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच तोटा पाव व्होल्टसुद्धा होत नाही.

आणि फ्यूज. हा भाग लोक टाळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. समजा अॅडॅप्टर 5 अँपिअरचा आहे आणि लेआउटच्या कोपऱ्यात एका केसासारख्या वायरीचं आवरण सोलून ती शेजारच्या वायरीला टेकली. त्या लांब बारीक वायरीचाच रोध एवढा असतो की शॉर्ट होऊनही प्रवाह 4 अँपिअरवरच अडतो. अॅडॅप्टरच्या दृष्टीनं हा नेहमीचाच भार आहे, तो बंद होणार नाही. पण त्या वायरीला 4 अँपिअर झेपत नाहीत. ती तापते, आवरण वितळतं, आणि भोवती असतो थर्माकोल, कापूस आणि वाळलेलं शेवाळ. म्हणून बसची प्रत्येक मोठी शाखा जिथून निघते तिथं 1 अँपिअरचा फ्यूज किंवा आपोआप पूर्ववत होणारा पॉलीफ्यूज बसवा. स्टेशन एका शाखेवर, गाव दुसऱ्या, यार्ड तिसऱ्या. दोष कुठं आहे हे शोधायलाही ही विभागणी फार कामाला येते.

प्रश्न: एका चौकातले पाच पांढरे एलईडी मी एकत्र जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला. एक लख्ख पेटतो, बाकीचे मिणमिणतात. रेझिस्टर नेमका किती ओहमचा घ्यावा?

उत्तर: ओहमचा प्रश्न नंतर. आधी प्रत्येक एलईडीला त्याचा स्वतःचा रेझिस्टर द्या. एकाच पाकिटातले एलईडी असले तरी प्रत्येकाचं पेटण्याचं व्होल्टेज किंचित वेगळं असतं. ज्याचं सगळ्यात कमी, तो जास्त वीज ओढतो आणि आधी जातो. मग उरलेल्यांवर त्याचाही वाटा येतो.

हिशेब सोपा आहे. पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करायचं आणि हव्या त्या प्रवाहानं भागायचं. लाल आणि पिवळ्या एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, पांढऱ्या आणि निळ्याला 3 ते 3.4. पांढरा 3.2 धरला तर 12 मधून 8.8 उरतात. 5 मिलीअँपिअर हवे असतील तर 8.8 भागिले 0.005, म्हणजे 1760. बाजारात मिळणारा जवळचा मोठा आकडा 1.8 किलोओहम. पाव वॉटचा रेझिस्टर अगदी पुरतो.

पाकिटावर 20 मिलीअँपिअर लिहिलेलं असतं, ती कमाल मर्यादा आहे. गल्लीतल्या दिव्याला एवढा प्रवाह दिला तर तो दिवा न वाटता वेल्डिंगची ठिणगी वाटतो. माझ्या रस्त्यांवरच्या खांबांना मी 4.7 किलोओहम लावतो, म्हणजे जेमतेम 2 मिलीअँपिअर. अंधाऱ्या खोलीत तेवढा उजेड भरपूर होतो.

खांब घरीच करायचा असेल तर 1 मिलिमीटर व्यासाची पितळी नळी घ्या. नळी हीच ऋण वायर, आणि तिच्या आतून जाणारी, वीज अडवणारा इनॅमलचा मुलामा दिलेली बारीक तांब्याची तार ही धन वायर. नळी कापल्यावर तिच्या तोंडाला बारीक धार राहते. ती गोल कानसीनं किंवा सुईच्या टोकानं नीट घासून काढा, नाहीतर तार ओवताना तिच्यावरचा मुलामा सोलला जातो आणि खांब आतल्या आत शॉर्ट होतो. तारेच्या टोकाचा मुलामा खरवडत बसू नका. बहुतेक तारांवरचा मुलामा गरम सोल्डरच्या थेंबात टोक दोन-तीन सेकंद धरलं की जळून जातो आणि टोक चांदीसारखं चकाकतं. मग एलईडी लावायच्या आधी मल्टीमीटरनं नळी आणि तार यांच्यात जोड नाही ना, ते तपासा. रेझिस्टर फळीखाली ठेवा, धन तारेच्या वाटेत. पुढं उजेड कमीजास्त करावासा वाटला तर खांबाला हात न लावता तो बदलता येतो.

प्रश्न: मी सातवीत आहे. सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी) बदलायचं बटण दाबलं की माझ्या गावातले सगळे दिवे लुकलुकतात. कधी कधी सांधा अर्ध्यावरच अडकतो. दिवे आणि सांधे एकाच 1 अँपिअरच्या अॅडॅप्टरवर आहेत.

उत्तर: लक्षणं तू अगदी बरोबर टिपली आहेस, दोन्हींचं कारण एकच आहे. तुझ्या सांध्यांखाली कॉइलची मोटर आहे. बटण दाबलं की ती क्षणभरासाठी 2-3 अँपिअर मागते, कधी त्याहून जास्त. अॅडॅप्टरकडे तेवढे नसतात, व्होल्टेज खाली बसतं, दिवे लुकलुकतात आणि सांध्याला पुरता धक्का मिळत नाही.

सांध्यांना वेगळा अॅडॅप्टर दे आणि त्याच्यापुढं सीडीयू नावाची छोटी पाटी लाव. तिच्यात मोठे कपॅसिटर असतात, सहसा 2200 ते 4700 मायक्रोफॅरडचे. नळाची धार बारीक असली तरी बादली भरून ठेवली की सगळं पाणी एकदम ओतता येतं, तसं ती सावकाश वीज साठवते आणि बटण दाबताच एका झटक्यात कॉइलला देते. सांधा खटकन बसतो. दोन सांधे लागोपाठ बदलताना मध्ये एक-दोन सेकंद जाऊ दे, म्हणजे ती परत भरते.

बटण दाबल्यावर परत वर येणारंच हवं. चालू-बंद करायचा साधा खटका लावलास आणि तो चालू राहिला तर कॉइल जळते. सीडीयू असला तर बहुतेक वेळा वाचते, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. अॅडॅप्टरचं खोकं कधीच उघडायचं नाही, आणि पहिल्यांदा जोडणी करताना घरातलं मोठं कोणीतरी शेजारी असू दे.

पुढं नवे सांधे घेशील तेव्हा हळू फिरणाऱ्या मोटरींचा विचार कर. टॉर्टॉइजसारखी मोटर 12 व्होल्टवर टोकाला जाऊन थांबली तरी 15-16 मिलीअँपिअरच घेते. तिला सीडीयू लागत नाही, आणि सांधा खऱ्या रेल्वेतल्यासारखा सावकाश सरकताना दिसतो.

प्रश्न: जुन्या कंट्रोलरच्या मागं ‘16 व्होल्ट एसी, अॅक्सेसरी’ असे दोन स्क्रू आहेत. ते वापरू का?

उत्तर: मोजक्या बल्बांसाठी जरूर वापरा. एलईडी थेट लावू नका. त्यासाठी आधी ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा चार डायोडांचा संच) आणि कपॅसिटर लागेल, आणि तिथं एक सापळा आहे. 16 व्होल्ट ही एसीची परिणामी किंमत. तिचं शिखर 1.414 पट, म्हणजे 22.6 व्होल्ट. ब्रिजमध्ये साधारण दीड व्होल्ट गेले तरी कपॅसिटरवर 21 उरतात, आणि भार नसताना त्याहूनही जास्त. 16 व्होल्ट छापलेला कपॅसिटर तिथं फुगेल किंवा फुटेल. 35 व्होल्टचाच घ्या आणि त्याच्यापुढं 12 व्होल्टला लावलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट) बसवा. एवढं सगळं करण्यापेक्षा नवा अॅडॅप्टर बरा, असं माझं मत आहे. काही कंट्रोलरांमध्ये हे स्क्रू आणि रूळ एकाच ट्रान्सफॉर्मरवर असतात. तिथं गावात दिवे लागले की गाडी सुस्तावते.

प्रश्न: 2 अँपिअरचे दोन अॅडॅप्टर एकत्र जोडून 4 अँपिअर मिळतील का?

उत्तर: नाही. दोघांचं व्होल्टेज कधीच तंतोतंत सारखं नसतं. ज्याचं जास्त तोच सगळा भार उचलतो, दुसरा नुसता बसून राहतो. लेआउटचे दोन भाग करा आणि प्रत्येकाला एक द्या. धन वायरी एकमेकींना कुठंही लागू देऊ नका.

प्रश्न: नुकताच डीसीसीवर (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीवर) आलो. आता रुळांत कायमच 15 व्होल्टच्या आसपास वीज असते, गाडी उभी असली तरी. मग वेगळा अॅडॅप्टर कशाला? गावातले दिवे, सिग्नल, सांध्यांचे डिकोडर (त्या आज्ञा ओळखणारी सर्किटं), सगळं मुख्य बसवरून घेतलं तर काय बिघडेल?

उत्तर: दिवे लागतील. तरीही मी नको म्हणेन.

बूस्टर म्हणजे रुळांना वीज पुरवणारं खोकं. त्याचे 3 किंवा 5 अँपिअर हे गाड्यांसाठी आहेत. वेग, आवाज, इंजिनाचे दिवे सगळं त्यातून जातं. बल्बांनी त्यातला दीड अँपिअर खाल्ला तर तेवढ्या गाड्या कमी धावतील. पण खरी अडचण कळते ती शॉर्ट झाल्यावर. इंजिन चुकीच्या बाजूनं सांध्यावर आलं, रूळ शॉर्ट झाले, बूस्टरनं वीज तोडली. सांधा फिरवला की शॉर्ट सुटेल. पण सांध्याच्या मोटरीची वीजही त्याच बसवर, आणि ती आता बंद! इंजिन हातानं उचलल्याशिवाय काही हलत नाही, तोवर गावही काळोखात. शॉर्ट सुटल्यावर सगळे कपॅसिटर एकदम वीज ओढतात आणि बूस्टर पुन्हा तोडू शकतो. म्हणून सांध्यांचे डिकोडर घेताना आज्ञेची आणि विजेची टोकं वेगवेगळी असलेले घ्या. आज्ञा रुळांवरून येऊ द्या, ताकद अॅडॅप्टरकडून.

एक अपवाद मी मनापासून करतो, तो डब्यांमधल्या दिव्यांचा. डबा फिरता आहे, त्याला रुळांवाचून वाट नाही. डब्याखालच्या दोन्ही बोगींच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांच्या, चाकांवरून वीज घ्या आणि ती ब्रिजमधून न्या. डीसीसी म्हणजे चौकोनी लाटा आहेत. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकात ‘1’ हा बिट 58 मायक्रोसेकंदांच्या दोन अर्ध्यांचा असतो, म्हणजे दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलते. 1एन4007 हा डायोड घरगुती विजेच्या संथ लाटांसाठी केलेला आहे. त्याच्याऐवजी शॉटकी डायोड वापरा, ते चपळही असतात आणि व्होल्टेजही कमी खातात. ब्रिजनंतर 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा कपॅसिटर लावा. एलईडींची पट्टी 10 मिलीअँपिअर घेत असेल तर चाकांचा संपर्क सुटल्यावरही साधारण अर्धा सेकंद उजेड टिकतो. सांध्यावरून जाताना डबा लुकलुकू नये यासाठी एवढं पुष्कळ आहे.

कपॅसिटरच्या वाटेत 100 ओहमचा रेझिस्टर घालायला विसरू नका. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो. दहा डब्यांची गाडी रुळांवर असताना वीज चालू केली तर बूस्टरला दहा शॉर्ट एकदम दिसतात. रेझिस्टरला समांतर एक डायोड अशा दिशेनं जोडा की भरताना वीज रेझिस्टरमधून जाईल आणि दिव्यांकडे येताना डायोडमधून मोकळी येईल. आणि रुळांतलं व्होल्टेज साध्या मल्टीमीटरनं मोजून काळजी करत बसू नका. एवढ्या वेगाच्या लाटा त्याला नीट मोजता येतीलच असं नाही.

प्रश्न: जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पडून आहे. त्यात 12, 5 आणि 3.3 व्होल्ट तिन्ही मिळतात. लेआउटला चालेल?

उत्तर: चालतो, अनेकजण वापरतात. पिवळी वायर 12, लाल 5, केशरी 3.3, काळी ऋण. हिरवी वायर काळीला जोडली की सप्लाय सुरू होतो. पण त्याच्या 12 व्होल्टच्या शाखेत सहज 10-15 अँपिअर असतात, म्हणजे वर फ्यूजबद्दल जे लिहिलं ते इथं दुप्पट लागू. प्रत्येक शाखेला फ्यूज नसेल तर तो सप्लाय लेआउटखाली ठेवू नका. काही जुन्या सप्लायांना 5 व्होल्टवर थोडा भार दिल्याशिवाय 12 नीट येत नाहीत. खोकं उघडू नका, प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज उरलेली असते. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा बंद अॅडॅप्टरच सुचवेन आणि 5 व्होल्ट हवे तिथं छोटा बक कन्व्हर्टर. 7805सारखा साधा रेग्युलेटर 12 वरून 5 करताना 1 अँपिअरवर 7 वॉट नुसते तापण्यात घालवतो.

प्रश्न: घरांमध्ये दिवे लावले, पण खिडक्यांऐवजी भिंतीच उजळतात. छपराच्या फटीतूनही प्रकाश येतो.

उत्तर: प्लास्टिकची भिंत पातळ असते, उजेड आरपार जातो. घर जोडायच्या आधीच आतून काळ्या रंगाचे दोन हात द्या, वाळल्यावर वर पांढऱ्याचा एक. काळा उजेड अडवतो, पांढरा तो खोलीत पसरवतो. तयार घर असेल तर आतून काळा पुठ्ठा चिकटवा आणि छपराच्या कडेला काळ्या कागदाची पट्टी लावा.

मग त्याच पुठ्ठ्यानं आत खोल्या पाडा. एका एलईडीनं सगळ्या खिडक्या सारख्या उजळल्या की घर रिकामं वाटतं. एका खोलीत दिवा, शेजारची अंधारी, वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खिडकी, एवढं केलं की घरात माणसं आली. राहत्या घरांना 2700 ते 3000 केल्विनचे उबदार पांढरे एलईडी, कार्यशाळा आणि इंजिन शेडला 5000 च्या वरचे थंड पांढरे. दोन्ही एकाच बसवर बिनदिक्कत चालतात.

उजेड किती हवा हे आधी ठरत नाही, बघतच ठरवावं लागतं. म्हणून प्रत्येक घराला 1 किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याच्यापुढं 10 किलोओहमचा प्रीसेट लावा, स्क्रूड्रायव्हरनं फिरवता येणारा. पक्का रेझिस्टर असल्यामुळे प्रीसेट शून्यावर गेला तरी एलईडी जळत नाही. खोली अंधारी करून एकेक घर लावून घ्या. सगळं गाव एकदम मंद करायचं असेल तर पीडब्ल्यूएम डिमर सोयीचा पडतो, पण तो वीज झपाट्यानं चालू-बंद करूनच उजेड कमी करतो. मोबाइलवर गाडीचं चित्रीकरण करणार असाल तर कमी वारंवारितेच्या डिमरमुळे चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात, तेव्हा वारंवारिता किमान काही हजार हर्ट्झ असलेलाच घ्या.